आईची गार बोटं

माझी आई सुईण होती. आमच्या पाड्यावरची आणि डोंगराच्या कुशीतल्या आणखी चार-पाच पाड्यांवरची पोरं तिच्याच हातून जगात आली. किती, असं विचारलं तर म्हणायची, "मोजायचं काम तुझं. तू मास्तर."

मी खरंच मास्तर होतो. साखरशेत गावाच्या बाजूला जव्हार संस्थानची एक शाळा होती, तिथे. आमच्या पाड्यावर चार बुकं शिकलेला मी पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. कोणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न, "कशावरून?" ताप भुताचा आहे? कशावरून? वाघोबा रुसला? कशावरून? लोक मला टाळत होते असं नाही, पण मी येताना दिसलो की बोलणं आवरतं घ्यायचे. आई मात्र माझी टर उडवायची. सुट्टीत घरी आलो की नाचणीची भाकरी पुढ्यात ठेवून म्हणायची, "नागलीची आहा. कशावरून, ते तूच बघ."

तिची एक पद्धत होती. बाळंतिणीच्या घरात शिरली की आधी चुलीपाशी बसायची. आत बाई कितीही ओरडत असो, घरची माणसं कितीही घाई करोत. निखाऱ्यांवर हात धरायची, उलटे, सुलटे, आणि मग बोटं स्वतःच्या गालाला लावून बघायची. गालाला ऊन लागली की उठायची. नाही लागली तर पुन्हा निखाऱ्यांवर. "गार हात लागला का पोट दगड होतं, पोर आतच दडतं," असं तिचं म्हणणं. पाचवीपर्यंत रोज जाऊन ती बाळाची बेंबी शेकायची, तीही अशीच, तळहात तापवून आणि आधी गालाला लावून. मी एकदा विचारलं, हाताला हात गरम झालेला कळत नाही का, गाल कशाला? ती म्हणाली, "हात फसवतो. गाल खोटं बोलत नाय."

तिची बोटं पहिल्यांदा पांढरी झालेली मी पाहिली ती आवणीत. पावसाचा जोर होता, आम्ही सगळे खाचरात वाकलेलो. शेजारी आई भाताची रोपं लावत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक झाली होती. फिकट नव्हे, पांढरी. जिथे पांढरं संपत होतं तिथे कोणी रेघ मारावी तशी कड होती. मला वाटलं, शाडू लागलाय. मी चोळून बघितलं. बोट गार होतं आणि चोळून त्याचा रंग जात नव्हता. आई बांधावर येऊन बसली, हात काखेत धरून. थोड्या वेळाने बोटं जांभळी झाली, मग लाल, आणि लाल झाली तेव्हा ती दात आवळून पुढेमागे डुलायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कधीपासून होतंय?" मी विचारलं.

"दोन थंड्या झाल्या. आधी मरतात, मंग रुसतात, मंग भांडाया उठतात," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. आज लिहिताना त्या हसण्याचा राग येतो.

पुढच्या दोन वर्षांत तिची बोटं सुजल्यासारखी जाड झाली. बोटातली पितळी अंगठी निघेना, ती कापून काढावी लागली. झऱ्यावर भांडी घासताना, पहाटे अंगण सारवताना, नुसता वारा सुटला तरी बोटं मरायची. नखांच्या मुळाशी, कातडी नखाला भिडते तिथे, तिला लाल ठिपके आले होते, सुईच्या टोकाएवढे, आणि त्यांना जोडून बारीक वाकड्या रेघा. माझी नजर मास्तराची. शाळेत रोज पोरांची नखं तपासायची सवय. मी तिला म्हटलं, "आये, नखं साफ ठेवत जा." ती म्हणाली, "घासून जात नाय रे." तो विषय तिथेच संपला. त्या ठिपक्यांतच तिचं दुखणं लिहिलेलं होतं हे मला फार वर्षांनी कळायचं होतं.

हात तापेनात म्हणून ती निखाऱ्यांच्या आणखी जवळ हात धरायला लागली. पूर्वी वीतभर वर, आता चार बोटं वर. पांढऱ्या पडलेल्या बोटांना काही कळायचं नाही. एका थंडीत, एका घरी बाळंतपणाला गेली असताना, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक भाजलं. वास आला तेव्हा घरच्या म्हातारीने तिचा हात मागे ओढला. आईला स्वतःला समजलंच नव्हतं. ती जखम पुढे सहा महिने भरली नाही. तिने हळद लावून पाहिली, कोंबडीची चरबी लावली, भगताने दिलेला पाला वाटून बांधला. जखम खोल होत गेली आणि कडेने काळी पडली.

आणि त्याच घरचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. पोरं तेव्हा जायचीच, त्या काळात कोणाच्या घरचं गेलं नव्हतं? आईच्या हातचीही आधी गेली होती आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. पण या वेळी त्या घरच्या म्हातारीने मढ्यासारखी पांढरी बोटं पाहिली होती. भाजलं तरी न कळणारी बोटं पाहिली होती. बोलणं पाड्यावर पसरलं, आणि थोड्याच दिवसांत त्याला नाव मिळालं. रगतपिती. महारोग.

मला हे कळलं तेव्हा मी शाळेवर होतो. माझ्या बायकोला आठवा महिना होता. ती माझ्या मामाची मुलगी, म्हणजे आईची भाची. तिचा जन्मही आईच्याच हातचा. तिच्या बाळंतपणाला आईच बसणार हे कोणी ठरवावं लागलं नव्हतं. मी रजा काढून तणतणत घरी आलो. पाड्याची माणसं कारभाऱ्यांच्या अंगणात जमलीच होती.

कारभारी भला माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुझी आय माजीबी सुईन. माजी चारी पोरां तिच्या हातची. पन रगतपिती आहा तर तिला बाळंतीनीला हात लावू देता येनार नाय. पाड्यात ऱ्हाऊ देता येनार नाय."

"रगतपिती? कशावरून?"

भगत म्हणाला, "त्यात कळ जाते. बोट भाजलं, तरी तिला ठावं नाय."

माझं डोकं भडकलं. कळ जाते? बोटं लाल झाली की ही बाई कळवळून रडते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मग काटा टोचून बघा. गावदेवापुढे, सगळ्यांच्या समोर. कळलं तर पुन्हा कोणी हे नाव काढायचं नाही. नाही कळलं तर तुम्ही म्हणाल ते मान्य. एकदाच काय तो निकाल लागू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर बरोबर बोलतो असंही कोणी म्हणालं. आईला मी विचारलं नाही. तिला येऊन फक्त सांगितलं, उद्या सकाळी जायचंय. ती चुलीपुढे बसली होती. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू बोललास तर बरंच असंल."

पौषातली सकाळ. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गावदेवापुढे खरंखोटं करायचं तर आधी हातपाय धुवायचे, आणि तेही पहाटे झऱ्यातून भरून आणलेल्या पाण्याने. चुलीला लागलेलं पाणी देवाला चालत नाही. ओतणारा त्याच घरातला लागतो. म्हणजे मीच. मी मडकं तिरकं करून आईच्या हातांवर पाणी ओतलं, कोपरापासून बोटांपर्यंत, सगळं मडकं रिकामं होईपर्यंत. कमी ओतलं असं कोणी म्हणायला नको म्हणून मी हात राखला नाही. ती एकदा "हुं" म्हणाली, बस. माझ्या स्वतःच्या बोटांना पाण्याने झिणझिण्या आल्या होत्या. तरीही माझ्या शहाण्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

तिने हात पाठीमागे घेतले आणि ती देवाकडे तोंड करून बसली. कोणी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. कारभाऱ्यांनी करवंदीचा काटा घेतला, हिरवा, बोटाच्या पेराएवढा लांब. मी बाजूला उभा होतो आणि मला तिची बोटं दिसत होती. आठही पांढरी. अंगठे तेवढे जिवंत. पण मीच मागितलेली परीक्षा, ती थांबवा असं मीच कसं म्हणणार?

कारभाऱ्यांनी पहिलं बोट टोचलं. दुसरं. तिसरं. चौथं. काटा कातडीत शिरत होता आणि रक्ताचा थेंबही येत नव्हता. आई शांत बसली होती, मान थोडी कलती करून, वाट बघत. पाचव्या बोटाला ती म्हणाली, "कवा टोचनार?"

जमलेल्या बायकांपैकी कोणाच्या तरी तोंडून आवाज फुटला. तरी कारभाऱ्यांनी उरलेली बोटं टोचली, कारण अर्धवट सोडलं तर देवाचा कोप. मग काटा खाली टाकला आणि ते तोंड फिरवून बाजूला गेले. भगत म्हणाला, "रगतच नाय ऱ्हायलं." आईने स्वतःच डोळ्यांवरचं फडकं काढलं आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे.

तिला खोपटं बांधून दिलं ओढ्यापलीकडे, आमच्याच शेताच्या टोकाला. कोणी वाईट वागलं नाही. ज्यांना तिने जगात आणलं होतं अशाच तरण्या पोरांनी कारवीच्या भिंती उभ्या केल्या, पेंढा शाकारला, कोणी भात आणून ठेवलं, कोणी लाकडं. काम झाल्यावर ते लांबूनच तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "कूड चांगला घातलात. वारा लागनार नाय."

माझी बायको हटून बसली. "मला आत्याचेच हात पाहिजेत. मी त्याच हातांनी आले." मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, पोर तुझं एकटीचं नाही. ती त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही आणि पुढे बोलायला लागली तेव्हाही पहिल्यासारखं नाही.

माघात तिचे दिवस भरले. वांगणीहून दुसरी सुईण आणली. बाई चटपटीत होती. भर दुपारी आली ती थेट आत शिरली, चुलीकडे तिने बघितलंही नाही. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने आईचा आवाज आला, "हात शेक गं बाय! आधी हात शेक!" ओढा ओलांडून ती अंगणाच्या कडेपर्यंत आली होती. वांगणीची सुईण चिडली. मी बाहेर गेलो आणि लांबूनच म्हणालो, "आये, मागं जा."

ती गेली. आमच्या दारातून तिचं खोपटं सरळ दिसायचं. दारापुढे तिने आगटी पेटवलेली होती. तिच्यावर ती हात धरून बसली, उलटे, सुलटे, मग गालाला, पुन्हा आगटीवर. आत बायको कण्हत होती आणि बाहेर ही हात शेकत होती, जणू आता कोणी हाक मारील आणि तिला उठून यावं लागेल. बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा तिने दोन्ही तळहात आपल्याच गालांवर ठेवले आणि तशीच राहिली. मुलगी झाली होती. पाचवीला मी ती अंगणातून वर धरून आईला दाखवली. आई ओरडून म्हणाली, "बेंबी सुकली का?" मी म्हटलं, सुकली.

त्यानंतर ती तीन थंड्या जगली. बोटांची टोकं एकेक करून झिजली. हाताची कातडी ताणून बसवल्यासारखी घट्ट झाली, मग चेहऱ्याची. तोंड पुरतं उघडेना. भाकरी बंद झाली, नागलीची आंबील तेवढी जायची. चार पावलं चालली की धाप लागायची. माझी बायको रोज ओढा ओलांडून जायची, तिच्याजवळ बसून तिला आंबील पाजायची. मी तिला रागावलो, तशीच पाड्याची माणसंही रागावली. ती जातच राहिली. तिला काही झालं नाही, मुलीला काही झालं नाही. याचा अर्थ काय, हा प्रश्न "कशावरून" म्हणणाऱ्या माणसाने स्वतःला एकदाही विचारला नाही.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. निरोप पोचून मी येईपर्यंत बायकोने तिला न्हाऊ घातलं होतं. पाणी तापवून घेतलं होतं तिने.

पुढे संस्थान गेलं, माझी नोकरी गेली, बायकोही गेली. म्हातारपणी डोळ्यांच्या इलाजासाठी मी नाशिकला एका दवाखान्यात होतो. तिथे एक तरुण डॉक्टर एका बाईच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून भिंगातून बघत होता. बाईची दोन बोटं पांढरी होती. शंभर कोसांवरूनही मी ती ओळखली असती.

मी विचारलं, "काय बघता?"

डॉक्टर भला होता, म्हाताऱ्याला झटकून टाकलं नाही. त्याने सांगितलं की बोटांत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. या दुखण्यात आधी त्याच बिघडतात. त्यांची भिंत खराब होते, काही फुगतात, काही बंद पडतात, आणि नखाच्या मुळाशी ते ठिपक्यांसारखं दिसतं. थंडी लागली की त्या घट्ट आवळल्या जातात आणि बोटात रक्तच येत नाही. कातडी घट्ट होते ती नंतर, कधी कधी खूप वर्षांनी. पुढे फुप्फुसांवर जातं. बोटाच्या जखमा भरत नाहीत, कारण भरायला रक्त लागतं.

"बोट पांढरं असताना काटा टोचला तर कळतो?"

"नाही कळायचा कदाचित. बधिर असतं. थोडं थांबायचं, ऊब द्यायची. रक्त परत आलं की सगळं कळतं. उलट फार दुखतं."

"किती थांबायचं?"

"दहा मिनिटं. पंधरा."

"महारोग नव्हे हा?"

"नाही हो. आणि कुणाचं कुणाला लागतही नाही."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. मला रडू आलं नाही, मला स्वतःचा राग आला, आणि तो अजून आहे.

लोकांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा इथेच थांबतो. अज्ञान होतं, काय करणार, असं लोक म्हणतात, आणि मीही मान हलवतो. पण त्या सकाळचा एक भाग मी वर लिहायचा टाळला आहे. तो लिहितो आणि संपवतो.

काटा टाकून झाल्यावर माणसं आंब्याखाली बोलत उभी होती. आई एकटीच एका दगडावर बसली होती. डोंगरामागून सूर्य वर आला होता आणि ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, हातांवर पडलं होतं. तिने मला हाक मारली. मी गेलो. तिची बोटं लाल झाली होती, सुजून तटतटली होती. आणि आठही बोटांवर, जिथे जिथे काटा शिरला होता तिथे, रक्ताचे थेंब येऊन उभे होते. ते मी पाहिले. नीट पाहिले.

तिने वाकून तोच काटा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "आथा टोच पोऱ्या," ती म्हणाली. "पानी गार होतं. आथा ऊन झालीत. आथा माला कळतंय."

कारभारी वीस पावलांवर होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मला वाटलं, ही आता खोटं बोलेल. सुटायचं म्हणून ओरडेल. घरात बायको दिवस भरत आलेली, आणि काय सांगावं.

मी काटा घेतला नाही. तेव्हा तिने दुसरा हात वर केला आणि ती लाल, ऊन बोटं माझ्या गालाला लावायला पुढे आणली.

मी तोंड मागे घेतलं.

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो स्वतःच्या गालाला लावून बघितला.